खान्देशातून अंदमानच्या रानात : पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

अंदमानला जाऊन आलेली माणसे आता जळगाव-धुळ्यात गल्लोगल्ली भेटतात. सेल्युलर जेल, राधानगरचा किनारा, काचेच्या तळाच्या नावेतून दिसलेले मासे आणि दोन-चार बोटप्रवास, असा पाच दिवसांचा कार्यक्रम बहुतेकांचा ठरलेला असतो. तो वाईट नाही. पण ज्याला तिथले रान आणि त्यातले जीव बघायचे आहेत, त्याच्या हाती त्यातून फार थोडे लागते. हा लेख अशांसाठी आहे, ज्यांनी पालला, तोरणमाळला, हतनूरच्या काठाला थोडेफार हिंडून घेतले आहे, पण सदाहरित जंगल आणि समुद्र यांच्याशी गाठ पहिल्यांदाच पडणार आहे.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. अंदमानात वाघ नाही, बिबट्या नाही, अस्वल नाही. माकडही तिथले मूळचे नाही. उघड्या जिप्सीत बसून पाणवठ्यावर जनावराची वाट बघणे, हा प्रकारच तिथे नाही. तिथे आहेत ते जगात दुसरीकडे कुठेच न सापडणारे पक्षी, खाऱ्या पाण्यातली मगर, चार जातींची समुद्री कासवे, प्रवाळ आणि तीस-चाळीस मीटर उंच गेलेली झाडे. या गोष्टी घाईने दिसत नाहीत. म्हणून ठिकाणे कमी करा आणि प्रत्येक ठिकाणचा मुक्काम वाढवा. बाकी सगळे सल्ले याच एका गोष्टीतून निघतात.

महिना ठरवणे

तिथला पाऊस आपल्या हिशोबात बसत नाही. जळगावला वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे तीन हजारांच्या वर. मे महिन्यात सुरू झालेला पाऊस सप्टेंबरात थोडा ओसरतो आणि परतीच्या वाऱ्यांबरोबर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुन्हा येतो. समुद्र शांत, पाणी नितळ आणि पायवाटा कोरड्या असा काळ म्हणजे जानेवारी ते एप्रिल. डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा. तेव्हा बोटीत जागा नसते, किनाऱ्यावर माणसांची गर्दी असते आणि चांगले गाइड आधीच कोणी ना कोणी धरून ठेवलेले असतात.

मी नेहमी जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा मध्य सुचवतो. शेतकरी घरांनाही तो सोयीचा पडतो. कापसाची शेवटची वेचणी उरकलेली असते आणि गहू-हरभरा काढणीला यायला अवकाश असतो. कासवांचा अंडी घालण्याचा हंगामही याच दिवसांत मिळतो.

महिना ठरला की तिथी बघा. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात मोठा असतो. उत्तर अंदमानातल्या दिगलीपूरजवळची रॉस आणि स्मिथ ही दोन बेटे वाळूच्या पट्टीने जोडलेली आहेत. ती पट्टी ओहोटीला उघडी पडते, भरतीला पाण्याखाली जाते. खारफुटीच्या खाडीत नाव कधी शिरेल, प्रवाळावर पोहता कधी येईल, हे सगळे त्या वेळापत्रकावर चालते. रात्री लाटांमधला सूक्ष्म जीवांचा निळसर उजेड बघायचा असेल, तर अमावास्येच्या जवळचे दिवस धरा.

निघण्याआधी घरचा सराव

या पायरीकडे कोणी लक्ष देत नाही, आणि खरा फरक इथेच पडतो. दुर्बीण विमानतळावर पिशवीतून पहिल्यांदा बाहेर काढणाऱ्या माणसाला तिथले पक्षी दिसत नाहीत. ८ बाय ४२ ची दुर्बीण घ्या. दहापट मोठे दाखवणारी आणलीत तर हात हलतो आणि रानातल्या अंधारात चित्रही अंधारते.

हिवाळ्यात दोन-तीन सकाळी हतनूरच्या जलाशयावर जा. तापी-पूर्णेच्या त्या फुगवट्यावर पट्टकादंब, चक्रवाक, थापट्या असे पाहुणे उतरलेले असतात आणि ते मोकळ्या पाण्यावर बसतात. नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्याला लावण्याची सवय तिथे होते. मग यावल अभयारण्यात पालला एक मुक्काम करा. तिथे दुर्बीण खाली ठेवून फक्त ऐका. आवाज कोणत्या दिशेने आला, किती उंचावरून आला, तोच पक्षी पुन्हा बोलला की दुसऱ्याने उत्तर दिले, हे वहीत लिहा. ही वही अंदमानात कामाला येते.

सातपुड्याचे रान पानगळीचे आहे. फाल्गुनात साग आणि अंजन उघडे पडले की पार समोरच्या टेकडीपर्यंत नजर जाते. आपला रानपिंगळा, म्हणजे छोटे घुबड, दिवसाढवळ्या अशाच उघड्या फांदीवर बसतो. १८८४ नंतर त्याचा पक्का पुरावा कोणाकडेच नव्हता, तो नामशेष झाला असेच धरले गेले होते. आणि ११३ वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, शहाद्याजवळच्या जंगलात तो पुन्हा सापडला. ज्या जिल्ह्याने अख्ख्या जगाला हरवलेला पक्षी परत दाखवला, तिथल्या माणसांना चिकाटीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. फरक एवढाच की अंदमानच्या सदाहरित रानात फांद्या कधी उघड्या पडत नाहीत. पानांचे तीन मजले बारा महिने तसेच असतात आणि डोळ्यांचे निम्मे काम कानांना करावे लागते.

पोहता येत असेल तर विहिरीत किंवा तलावात पाण्याखाली बघायचा मुखवटा आणि श्वास घ्यायची नळी (स्नॉर्कल) लावून बघा. तोंडाने सावकाश श्वास घ्यायची सवय उथळ, ओळखीच्या पाण्यात लावून घ्यावी. पोहता येत नसेल तरी अडत नाही, लाइफ जॅकेट घालून प्रवाळ बघता येते. पण मग हे गाइडला पहिल्याच फोनवर सांगा, पाण्यात उतरताना नव्हे.

वाट आणि तिकिटे

आपल्या भागाचे भाग्य असे की चेन्नईची थेट गाडी दारातून जाते. अहमदाबादहून निघणारी नवजीवन एक्सप्रेस नंदुरबार, अमळनेर, जळगाव, भुसावळ करत चेन्नई सेंट्रलला पोचते. धुळेकरांनी अमळनेर किंवा जळगाव गाठावे. प्रवास साधारण एक दिवस-रात्रीचा. चेन्नई सेंट्रलहून मेट्रो थेट विमानतळावर नेते आणि तिथून विमानाने दोन-सव्वादोन तासांत बेट. भुसावळहून हावड्याच्या गाड्याही आहेत, कोलकात्याहूनही विमान मिळते. जहाजाचा पर्याय आहे, पण चेन्नई किंवा कोलकात्याहून त्याला अडीच-तीन दिवस लागतात आणि तारखा मागेपुढे होतात. समुद्रातले पक्षी, उडणारे मासे, डॉल्फिन यांची आवड असेल आणि सवड असेल तर जरूर जा. पहिल्या खेपेला मात्र विमानच बरे.

गाडी उशिरा पोचली म्हणून विमान चुकणे परवडत नाही. चेन्नईत एक रात्र मोकळी ठेवाच.

नावांचा घोळ होऊ देऊ नका. पोर्ट ब्लेअरचे नाव सप्टेंबर २०२४ पासून श्रीविजयपुरम झाले. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचे स्वराज द्वीप, नीलचे शहीद द्वीप आणि शहरासमोरच्या रॉसचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झाले. माउंट हॅरिएट राष्ट्रीय उद्यान २०२१ पासून माउंट मणिपुर झाले आहे. बोटवाले, रिक्षावाले, गाइड जुनी नावेच बोलतात आणि कागदावर नवी असतात, म्हणून दोन्ही लिहून ठेवा. दिगलीपूरजवळ जे रॉस बेट आहे ते वेगळे, हेही लक्षात असू द्या.

भारतीयांना अंदमानासाठी वेगळा परवाना लागत नाही. निकोबारचा गट मात्र आदिवासी राखीव क्षेत्रात येतो, तिथे पर्यटकांना जाता येत नाही. नारकोंडम हे धनेशाच्या एका जातीचे जगातले एकमेव घर. तिथेही सहलीने जाता येत नाही. कोणी 'जमवून देतो' म्हणाला तर त्या माणसाशी व्यवहारच करू नका.

गाइड कसा निवडायचा

पर्यटन कंपनीचा माणूस आणि रानातला गाइड हे दोन वेगळे लोक असतात. पहिला हॉटेल, गाडी, बोट बघतो. दुसरा पहाटे पाचला तुमच्याबरोबर झाडाखाली उभा राहतो. पॅकेज घेताना 'गाइड सोबत असेल' हे वाक्य ऐकले की लगेच विचारा: प्रत्यक्ष रानात येणारा माणूस कोण? तो कोणत्या बेटावर राहतो? मागच्या महिन्यात चिडिया टापूला, म्हणजे तिथल्या पक्ष्यांच्या रानात, त्याला काय दिसले? खरा गाइड या शेवटच्या प्रश्नावर खुलतो. कोणत्या झाडावर रानकबुतरे येताहेत, कोणत्या ओढ्याकाठी फटाकडी (पाणकोंबडीच्या कुळातला लाजरा पक्षी) ओरडतेय, हे तो न थांबता सांगू लागतो. ज्याला रान माहीत नाही तो 'सगळे दाखवू साहेब' म्हणतो.

आणखी दोन प्रश्न विचारा. पहिला, एका गाइडमागे माणसे किती? चार ते सहा ठीक. आपल्याकडे दोन-तीन कुटुंबे आणि शेजारीपाजारी मिळून वीस-बावीस जणांचा गट करायची पद्धत आहे. देवदर्शनाला ती चांगली, पण पक्ष्यांच्या वाटेवर वीस माणसांच्या पावलांनीच रान गप्प होते. गट मोठा असेल तर त्याचे तुकडे करा आणि दोन गाइड घ्या. दुसरा प्रश्न, तो पक्ष्यांचा आवाज मोबाइलवर वाजवून त्यांना बोलावतो का? घुबडांच्या बाबतीत हे सर्रास चालते. आपल्या हद्दीत परका नर शिरला असे वाटून पक्षी अंडी-पिल्ले सोडून धावत येतो. रानपिंगळ्याचे हे हाल आपण आपल्याकडे पाहतो आहोत. न वाजवणारा गाइड शोधा, आणि सापडला की त्याला दोन पैसे जास्त द्या.

तिथल्या गाइडांमध्ये नाना ठिकाणची माणसे आहेत. बंगाली आणि तमिळ वस्ती आहे, छोटा नागपूरहून जंगलकामासाठी नेलेल्या आदिवासींचे वंशज आहेत, आणि मायाबंदरच्या बाजूला १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून आणलेल्या कारेन लोकांची गावे आहेत. कारेन माणसांचे रानाचे आणि समुद्राचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. सगळे जण हिंदी बोलतात, त्यामुळे बोलण्यात अडचण येत नाही. त्यांना दादा म्हणा, नाव विचारा, चहा एकत्र घ्या. माणूस मोकळा झाला की ठरलेल्या यादीपलीकडचे दाखवतो.

पैशांचा व्यवहार लिहून घ्या. बोट माणशी आहे की अख्खी, वन खात्याचे प्रवेश शुल्क कोण भरणार, समुद्र खवळून बोट रद्द झाली तर पैसे परत की दिवस पुढे. एका साध्या संदेशात हे सगळे मावते आणि नंतरची वादावादी वाचते.

पहिले रान : चिडिया टापू आणि सिप्पीघाट

श्रीविजयपुरमला निदान तीन रात्री काढा. घड्याळ आपलेच असते, पण सूर्य आपला नसतो. बेटे जळगावच्या सतरा अंश पूर्वेला आहेत, म्हणून तिथे तासाभराहून अधिक आधी उजाडते. एप्रिलमध्ये पाचला लख्ख होते आणि डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास दिवस बुडतो. पक्ष्यांची वेळ पाच ते आठ. हॉटेलचा नाश्ता साडेसातला मिळतो, तेव्हा तो सोडून द्या. घरून आणलेल्या दशम्या आणि तिळाची चटणी कामाला येते.

चिडिया टापू शहरापासून तासाभराच्या अंतरावर, दक्षिण टोकाला आहे. उजाडायच्या आधी तिथे उभे राहा. पहिली दहा-पंधरा मिनिटे काहीच दिसणार नाही. अंगाला ओल चिकटते, पानांवरून रात्रीचे दव टपटपत राहते, आणि गर्जन या उंच झाडाच्या खोडाला फुटलेल्या भिंतीसारख्या आधारमुळांमध्ये अंधार तसाच साचलेला असतो. मग वरच्या मजल्यावर डोंगरी मैना शीळ घालते. पोपटांचा थवा ओरडत डोक्यावरून जातो. आणि कुठेतरी डावीकडे, खोलवर, ठक... ठकठक... असा जड ठोका पडतो. हा अंदमानी काळा सुतार. कावळ्याएवढा, सर्वांग काळे आणि डोक्यावर लाल तुरा. आवाजाच्या मागे धावू नका. मेलेल्या, साल सुटलेल्या खोडांकडे नजर ठेवून उभे राहा. तो खोडाच्या मागून गिरकी घेत पुढे येतो.

वीस मिनिटे एका जागी उभे राहिले की दुसरी एक गोष्ट घडते. या रानात लहान पक्षी जातीजातीचे मिळून एकत्र हिंडतात. कोतवाल पक्ष्याचा खरखरीत आवाज आला की सावध व्हा, टोळी जवळ आली. कोतवाल, गोमेट, टकाचोर, सूर्यपक्षी असे एकापाठोपाठ तुमच्याच डोक्यावरच्या फांद्यांतून सरकतात, आणि पाच मिनिटांत रान पुन्हा रिकामे होते. चालत राहणाऱ्या माणसाला ही टोळी क्वचितच भेटते.

ओळखीच्या पक्ष्यांची बेटावरची भावंडे बघण्यात वेगळाच आनंद आहे. आपला भारद्वाज काळाभोर अंगाचा आणि विटकरी पंखांचा; अंदमानचा भारद्वाज अंगानेच फिकट तपकिरी. सर्पगरुड तिथला वेगळा, बुलबुल वेगळा, शामा वेगळा. ब्रह्मदेशाच्या आराकान पर्वतरांगेचाच हा समुद्रात बुडालेला पुढचा भाग. मुख्य भूमीपासून तुटलेल्या या शिखरांवर पक्षी हजारो पिढ्या आपापल्या वाटेने बदलत गेले. शहरालगतच्या सिप्पीघाटला एक संध्याकाळ द्या. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन सुमारे मीटरभर खचली, शेतांत समुद्राचे पाणी शिरले आणि तिथेच राहिले. कोणाची तरी भातशेती होती ती. आज तिथे बगळे, पाणकोंबड्या आणि डोळ्याभोवती पांढरे असणारी अंदमानी बदके दिसतात. तिथल्या माणसांशी बोलताना त्या जागेचा हा इतिहास मनात असू द्या.

शहरासमोरच्या बेटावर चितळे माणसाळलेली आहेत आणि लोक त्यांना बिस्किटे भरवतात. भरवू नका. चितळ तिथे इंग्रजांनी आणून सोडले. खाणारा शिकारी नाही, त्यामुळे ते वाढले आणि कोवळी रोपे खाऊन रानाची पुढची पिढीच उगवू देत नाहीत.

उत्तरेकडे : जारवांचे रान आणि खारफुटी

दिगलीपूर तीनशेहून अधिक किलोमीटरवर आहे आणि रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्या ठरावीक वेळी ताफ्याने सोडतात, ओळखपत्र दाखवावे लागते. आत गाडी थांबवणे, फोटो काढणे, खायला देणे, हाका मारणे हा गुन्हा आहे. १९५६ चा आदिवासी संरक्षणाचा नियम आहे आणि त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. जारवा लोक बघायला मिळतील अशा आशेवर कोणी हा रस्ता विकत असेल, तर तो एजंट त्याच क्षणी सोडा. त्या माणसांचे ते घर आहे. माझे मत विचाराल तर रंगत, मायाबंदर, दिगलीपूरकडे सरकारी बोटी जातात. वेळापत्रक जुळले तर समुद्रानेच जा. रस्त्याने जावेच लागले तर कॅमेरा पिशवीत, काचा वर, आणि मुलांना आधीच नीट समजावून सांगितलेले.

बारातांगला नावेतून खारफुटीच्या खाडीत शिरता येते. सगळे जण चुनखडीच्या गुहेकडे घाई करतात. नावाड्याला थोडे जास्त पैसे देऊन यंत्र बंद करायला सांगा आणि ओहोटीच्या वेळी दहा मिनिटे चिखलाकाठी थांबा. निवट्या दिसतील; मासाच, पण पुढच्या परांवर रेटा देत चिखलातून चालणारा. खेकडे एक पंजा उंचावून परस्परांना इशारे करतात. वरच्या फांदीवर मोठ्या चोचीचा खंड्या गप्प बसलेला असतो. पाण्यात हात सोडू नका. खाऱ्या पाण्यातली मगर याच खाड्यांत राहते, ओंडक्यासारखी स्थिर असते, आणि संध्याकाळी किनाऱ्यावरही येते. मगरीचे फलक जिथे लावले आहेत तिथे गुडघाभर पाण्यातही उतरायचे नाही, मग पाणी कितीही सुंदर असो.

कालीपूरची रात्र

दिगलीपूरजवळच्या कालीपूरच्या किनाऱ्यावर चारही जातींची कासवे अंडी घालायला येतात: ऑलिव्ह रिडले, हिरवे कासव, हॉक्सबिल आणि सगळ्यांत अवाढव्य असे चामडी पाठीचे. वन खात्याची माणसे रात्रभर गस्त घालतात आणि अंडी कुंपणाच्या आत हलवतात. त्यांच्या परवानगीने आणि त्यांच्याबरोबरच जा.

काळे किंवा गडद कपडे घाला. पांढरा टॉर्च नको. लाल कागद लावलेला चालतो, तोही जमिनीकडे. वाळूत बसून वाट बघायची. तास जातात, कधी अख्खी रात्र कोरडी जाते. आलेच, तर आधी फेसाच्या रेषेत एक काळा उंचवटा दिसतो, तो हलतो, थांबतो, पुन्हा हलतो. मादी वर येईपर्यंत कोणीही उठायचे नाही, कारण माणसाची हालचाल दिसली तर ती तशीच पाण्यात परत फिरते. ती मागच्या पायांनी खड्डा खोदते. एक पाय आत जातो, वाळू पंज्यात धरून वर येते, बाजूला टाकली जाते, मग दुसरा पाय. अंडी पडायला लागली की वनरक्षक खूण करतो. तेव्हा मागच्या बाजूने, तिच्या डोळ्यांच्या रेषेत न येता, जवळ जाता येते. शंभराच्या घरात अंडी, पिंगपाँगच्या चेंडूएवढी, ओली, पांढरी. तिच्या डोळ्यांतून चिकट पाणी वाहत असते. शरीरातले जादा मीठ ती असे बाहेर टाकते. फ्लॅश अजिबात नाही, अंगाला हात नाही, पाठीवर मूल बसवून फोटो तर कधीच नाही.

पिल्ले पन्नास-साठ दिवसांनी निघतात आणि उजेडाच्या दिशेने धावतात, म्हणून किनाऱ्यालगतच्या खोलीचा दिवा रात्री बंद ठेवा. दिगलीपूरला आलाच आहात तर सॅडल पीकची वाटही करा. ७३२ मीटरचे हे सगळ्या बेटांमधले सर्वांत उंच शिखर. उंची फार नसली तरी दमट हवेत दम निघतो; तोरणमाळ चढणाऱ्यालाही घामाने थकवा येतो. पहाटे निघा, पाणी दुप्पट घ्या, आणि चढवत नसेल तर पायथ्याच्या समुद्रकाठच्या रानातूनच परत फिरा. पक्षी तिथेही भरपूर आहेत.

प्रवाळ

वांडूरचे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ चे. जॉली बॉय आणि रेड स्किन ही त्यातली दोन बेटे आळीपाळीने उघडी ठेवतात, म्हणजे एकाला विश्रांती मिळते. हिवाळ्या-उन्हाळ्यात बहुधा जॉली बॉय मिळते. प्लॅस्टिकला पूर्ण बंदी आहे, पिशव्या तपासतात. खाऊ स्टीलच्या डब्यात न्या.

प्रवाळ हा दगड नव्हे, सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे. गोल, भरीव प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. थकून त्यावर पाय टेकवला की तुमच्या वयाइतके काम एका क्षणात मोडते. समुद्र तापल्यामुळे १९९८ आणि २०१० मध्ये इथल्या प्रवाळाची मोठी होरपळ झाली. त्यामुळे काही ठिकाणी राखाडी सांगाडे दिसतील. तेही बघा आणि शेजारी नव्याने धरलेले कोंबही बघा. पाण्यात पाठीला ऊन लागते, म्हणून क्रीम थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा अंगरखा घाला. स्कूबा करणार असाल तर बुडी आणि विमान यांमध्ये किमान १८ तास जाऊ द्या. स्वराज आणि शहीद द्वीपाजवळच्या समुद्री गवतात डुगाँग (समुद्री गाय) चरतो. तो दिसण्याची हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पिशवीत काय

जीन्स नको, ती वाळत नाही. पातळ, लवकर सुकणारे पूर्ण बाह्यांचे कपडे, दोन जोड टाचा बांधलेल्या चपला-बूट, जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे, पावसाचा अंगरखा, डोक्याचा टॉर्च. किनाऱ्यावरच्या वाळूमाश्या दिसत नाहीत, पण त्यांचे चावे आठवडाभर खाजतात. पायांना खोबरेल तेल चोपडून बसावे आणि खाजवू नये. मलेरियाबद्दल निघण्यापूर्वी महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा. बोट लागत असेल तर गोळी बोटीत चढण्याआधी अर्धा तास घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर नाही. बोटीच्या मधल्या भागात बसा आणि मोबाइल न बघता क्षितिज बघा.

आपला खान्देशी घाम सुकतो, तिथला सुकत नाही. मेमध्ये पंचेचाळीस अंश सोसणारी माणसेही तिथल्या तीस अंशांत गळून जातात. लिंबू-मीठ-साखरेचे पाणी सतत घेत राहा. कॅमेरा थंड खोलीतून एकदम बाहेर काढला की काचेवर वाफ धरते, तो पिशवीतच अर्धा तास राहू द्या. शाकाहारी असाल तर उत्तरेकडे आधी सांगून ठेवावे लागते. डाळ-भात, भाजी मिळते, भाकरी नाही. लाल मिरचीचा ठेचा नेलात तर गाइडलाही द्या, तिथे तो आवडतो. मोबाइलला बारातांगच्या पुढे फारसा भरवसा नाही, म्हणून पक्ष्यांच्या याद्या आणि तिकिटे आधीच उतरवून घ्या आणि रोख पैसे जवळ ठेवा.

परतताना

शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे काहीही उचलू नका, मेलेले असले तरी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात प्रवाळ आणि अनेक शंख येतात, आणि विमानतळावर सामान तपासतात. दुकानातून घेतलेल्या शंखाची पावती जपा. त्याहून बरे म्हणजे पडौकच्या लाकडाची वस्तू घ्या, तीही पावतीसह. केळीवाल्या भावांना एक विनंती: तिथली केळी चाखा, पण कंद आणू नका. कंदातून रोग येतो आणि आपल्या रावेर-यावलच्या बागांनी विषाणूचा फटका आधीच खाल्ला आहे.

शेवटचा बोटप्रवास आणि विमान एकाच दिवशी ठेवू नका. वारा वाढला की बोटी बंद होतात आणि त्यावर कोणाचा इलाज नसतो. बेटांवरून आदल्या दिवशी शहरात या. तो मोकळा दिवस फुकट जात नाही. पहाटे पुन्हा चिडिया टापूला जा, पहिल्या दिवशी नुसता आवाज आलेला पक्षी आता नावानिशी ओळखू येतो. चेन्नईहून परतीची नवजीवनही विमान उतरण्याच्या दुसऱ्या दिवसाची धरा, आणि आरक्षण विमानाच्या तिकिटाबरोबरच करून टाका, कारण भुसावळपर्यंतच्या जागा लवकर भरतात.